दिवसभर मन थाऱ्यावर ठेवायचं तर

सकारात्मक राहायचं म्हणजे दिवसभर हसतमुख राहायचं, असं ठरवून जो कामाला लागतो तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी दमतो. मन दिवसातून चार-पाच वेळा उतरणारच. दूध उतू जातं, लोकल डोळ्यांदेखत सुटते, साहेब सगळ्यांसमोर तुटक बोलतात. यातलं फारसं काही टाळता येत नाही. आपल्या हातात असतो तो त्यानंतरचा वेळ: उतरलेलं मन पंधरा मिनिटांत जागेवर येतं, की अख्खी संध्याकाळ खाऊन टाकतं. खालची प्रत्येक कृती हा वेळ कमी करण्यासाठी आहे. सामान फार नाही. खिशात मावेल अशी वही, पेन आणि मोबाइलचा अलार्म. महिनाभर मात्र द्यावा लागेल.

पहिला आठवडा: नुसती नोंद

या आठवड्यात काहीही सुधारायला जाऊ नका. दिवसाचे चार अलार्म लावा: सकाळी ८, दुपारी १२, ४ आणि रात्री ९. अलार्म वाजला की वहीत वेळ, ० ते १० मधला एक आकडा (० म्हणजे पार खचलेलं, १० म्हणजे मजेत) आणि त्या क्षणी काय चाललं होतं ते पाच-सहा शब्दांत. वीस सेकंदांचं काम आहे. नोंद अशी दिसते:

मंगळ, दु. ४. तीन. जेवायला उशीर, डबा अर्धा परत. रिपोर्ट परत आला.
बुध, रा. ९. चार. ग्रुपवर भाच्याच्या नव्या गाडीचे फोटो.

शिवाय रोज सकाळी एक ओळ: किती वाजता झोपलो, किती वाजता उठलो.

सात दिवसांत २८ नोंदी होतात. रविवारी बसून चार किंवा त्याखालच्या आकड्यांभोवती गोल करा आणि कारण वाचण्याआधी घड्याळ बघा. आपण नेहमी माणसांना दोष देतो, पण गोल बहुतेक वेळा ठरावीक वेळेला, ठरावीक ठिकाणी दाटलेले सापडतात. असे दोन-तीन खड्डे प्रत्येकाच्या दिवसात असतात. रस्त्यावरच्या खड्ड्यांसारखेच: जागा पाठ असते, तरी आपण रोज आदळतो. (हे मात्र महापालिकेची वाट न बघता बुजवता येतात.)

इथे दोन चुका ठरलेल्या. एक, चारही नोंदी रात्री आठवून भरणं. रात्री मन जसं असेल तसाच सगळा दिवस दिसतो, त्यामुळे अशी वही खोटं बोलते. नोंद राहिली तर जागा कोरी सोडा. दुसरी, दहाची अपेक्षा. सहा-सात हा साधासुधा चांगला दिवस. नऊ-दहा सणासुदीला.

दुसऱ्या आठवड्यात एकच खड्डा निवडा. सगळ्या खड्ड्यांवर एकदम फावडं घेऊन धावणाऱ्याचा उत्साह गुरुवारपर्यंत टिकतो. निवडलेल्या खड्ड्यासाठी ‘जर-तर’चं एक वाक्य लिहा. पेटर गॉलवित्झर या मानसशास्त्रज्ञाचं यावर बरंच काम आहे. ‘मी दुपारी शांत राहीन’ हा संकल्प पाळला जात नाही. ‘रिपोर्ट परत आलेला दिसला, की उत्तर टाइप करण्याआधी उठून पाण्याची बाटली भरून आणेन’ हा पाळला जातो, कारण त्यात इशारा आणि कृती दोन्ही आधीच ठरलेले असतात. मन बिघडलेलं असताना निर्णय घ्यायची वेळच येत नाही.

सकाळ सुरू होते आदल्या रात्री

चिडचिड, रडू येणं, बारीकसारीक गोष्ट मनाला लागणं, यांचं सगळ्यात सोपं कारण अपुरी झोप. मोठ्या माणसाला सात तास तरी लागतात. ‘मला पाच पुरतात’ म्हणणाऱ्याने वहीतल्या झोपेच्या ओळी आणि दुपारचे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघावेत. उठायची वेळ बांधून घ्या. रविवारी जास्तीत जास्त तासभर सूट. रविवारी दहाला उठलं की रात्री बारापर्यंत डोळा लागत नाही, आणि सोमवारच्या वैतागाचं खापर ऑफिसवर फुटतं.

फोन उशाशी नको. पाय जमिनीला लागायच्या आत ऑफिसचा मेल आणि सोसायटीच्या ग्रुपवरचं टँकरच्या पाण्याचं भांडण वाचलं, तर दिवसाची सुरुवात दुसऱ्यांच्या कटकटींनी होते. ‘पण अलार्म फोनमध्ये आहे’ ही सबब घालवायला साधं गजराचं घड्याळ आणा. पहिला अर्धा तास फोन स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी किंवा हॉलमध्ये राहू द्या.

उठल्यावर तासाभरात १५ ते २० मिनिटं उघड्यावर या: गॅलरी, गच्ची, अंगण, काहीही. ट्यूबलाइटच्या खोलीत उजेड साधारण १०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो, तर बाहेर ढगाळ दिवशीसुद्धा हजारोंच्या घरात. म्हणजे जुलैतल्या पावसाळी सकाळीही छपराखाली उभं राहिलेलं चालतं. या उजेडावर मेंदूतलं घड्याळ लागतं आणि रात्री झोप वेळेवर येते. पहाटे पाचपासून डबे करणाऱ्यांना गॅलरीतला निवांत चहा हा विनोदच वाटेल. त्यांनी मुलाला रिक्षात बसवून परत येताना जिन्याकडे वळण्याआधी आवारात चार फेऱ्या माराव्यात. वेगळा वेळ काढावा लागत नाही आणि तेवढी दहा मिनिटं कोणी काही मागत नाही.

पोटाचं आणि चहाचं गणित

चहा-कॉफीतलं कॅफिन अर्धं उतरायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाच्या चहाचं निम्मं कॅफिन रात्री अकराला अंगात असतं. ज्यांची झोप आधीच पातळ आहे त्यांनी शेवटचा चहा चारला घ्यावा. एकदम तोडला तर दोन-तीन दिवस डोकं धरतं, म्हणून आठवड्याला एक कप कमी करा.

जेवणाला लागून चहा नको, तासाभराचं अंतर ठेवा. चहामुळे अन्नातलं लोह अंगी कमी लागतं, आणि आपल्याकडे लोहाची मुळातच मारामार. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. जिना चढताना लागणारी धाप आणि सतत वाटणारा ‘नको ते’पणा हा पुष्कळदा स्वभाव नसतो, हिमोग्लोबिन असतं. वहीतले आकडे महिनाभर पाचच्या वर जातच नसतील तर कोणतेही सुविचार वाचण्याआधी हिमोग्लोबिन, बी १२ आणि थायरॉइड तपासून घ्या. शाकाहारी माणसांनी बी १२ विसरू नये.

जेवण टळलं की चिडचिड वाढते, हे घरोघरी माहीत असतं, तरी जगातली निम्मी भांडणं दुपारी दीड ते अडीचमध्ये होतात असं वाटावं इतक्यांदा वहीत दुपारी चारच्या गोलापुढे ‘जेवायला उशीर’ सापडतं. बॅगेत मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे ठेवा. उपवासाच्या दिवसाची वेगळी सोय लागते. नुसत्या साबुदाण्यात जवळपास सगळं पिष्टच, त्यामुळे सकाळी नऊच्या खिचडीवर दोनपर्यंत काढणाऱ्याचं टाळकं फिरतं. खिचडीत दाण्याचं कूट हात न आखडता घाला, सोबत दही घ्या, बाराच्या सुमारास ताक.

मन उतरलं की: दहा मिनिटांची कृती

हा या लेखाचा गाभा. क्रम बदलू नका: आधी शरीर, मग नाव, मग कागद. बहुतेक जण थेट स्वतःची समजूत काढायला जातात, पण छाती धडधडत असताना डोकं कुणाचं ऐकत नाही, स्वतःचंही.

सकाळचे अकरा दहा. साहेबांचा मेसेज येतो: ‘३ वाजता जरा भेटून जा.’ पोटात गोळा.

शरीर. दोन्ही पाय जमिनीवर टेकवा. नाकाने श्वास आत घेताना चार मोजा, सोडताना सहा. दहा सेकंदांचा एक श्वास, मिनिटाला सहा, तीन मिनिटांत अठरा. उच्छ्वासाच्या वेळी हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. चूक होते ती जोर लावण्याची. छाती फुगवून भसाभस श्वास घेतला की गरगरतं, बोटांना मुंग्या येतात, आणि माणूस आणखी घाबरतो. शेजारच्या टेबलाला ऐकू गेला तर श्वास जोरात आहे असं समजा.

नाव. ‘मूड ऑफ आहे’ किंवा ‘कसंतरीच होतंय’ याने काम होत नाही. नेमका शब्द शोधा, आणि या बाबतीत मराठी श्रीमंत आहे: धास्ती, रुखरुख, हुरहुर, हिरमोड, खट्टू होणं, ओशाळणं, जळफळाट, वैताग, उबग. हिरमोडाला जो उपाय चालतो तो जळफळाटाला चालत नाही. भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या भीतीशी संबंधित भागाची हालचाल कमी होते, हे मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ च्या प्रयोगात स्कॅनवर दिसलं होतं. आपल्या उदाहरणात शब्द आहे धास्ती. तिला ० ते १० मध्ये गुण द्या: आठ.

कागद. वहीत चार ओळी.

घटना: साहेबांचा मेसेज, ‘३ वाजता जरा भेटून जा.’
समजूत: काहीतरी चुकलंय. माझ्या कामावर बोट ठेवलं जाताच कामा नये. ठेवलं तर संपलंच.
परिणाम: धास्ती ८. तासभर जुने मेल उकरत बसलो. डबा उघडला नाही.
उलटतपासणी: मागच्या पाच वेळा बोलावलं तेव्हा ओरडा किती वेळा बसला? एकदा. चूक निघाली तर काय? वाईट वाटेल, दुरुस्तीत दोन दिवस जातील. आता धास्ती ४.

पहिल्याच ओळीत घसरायला होतं. ‘साहेब चिडलेत’ असं लिहिलं तर ती घटना नाही, समजूत आहे. सीसीटीव्ही कॅमेऱ्याला जे दिसलं असतं तेवढंच घटनेच्या ओळीत. दुसरी घसरगुंडी शेवटी: आठाचं शून्य व्हायला हवं ही अपेक्षा. आठाचं चार झालं म्हणजे डबा खाता येतो आणि तीनच्या भेटीत तोंडातून धड वाक्य निघतं. तेवढं पुरे.

ही पद्धत अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची, १९५५ च्या सुमाराची. मराठीत ती कि. मो. फडके यांनी आणि १९९० मध्ये ठाण्यात ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू करणाऱ्या डॉ. आनंद नाडकर्णी यांनी विवेकनिष्ठ विचारपद्धती म्हणून रुजवली. मराठी माणसाला तिचं मर्म पटकन कळतं, कारण ते आपल्याकडे एका अक्षरात बसलंय: ‘च’. ‘त्याने वेळेवर यावं’ ही इच्छा झाली. ‘त्याने वेळेवर यायलाच हवं’ हा हुकूम झाला. इच्छा मोडली तर माणूस खट्टू होतो. हुकूम मोडला तर पेटतो, आणि जग आपले हुकूम मानत नाही. म्हणून समजुतीच्या ओळीतल्या प्रत्येक ‘च’भोवती गोल करा, तो खोडा आणि ओळ पुन्हा वाचा. वरच्या उदाहरणात ‘जाताच कामा नये’चं ‘गेलं नाही तर बरं’ होतं. एक खबरदारी: सगळेच ‘च’ खोडायचे नसतात. ‘बीपीची गोळी घ्यायलाच हवी’ यातला राहू द्या.

कागदावर लिहिल्याशिवाय मनातल्या मनात हे सुरुवातीला जमत नाही. तीसेक वेळा लिहिल्यावर जमू लागतं. वही ऑफिसात उघडायला संकोच वाटत असेल तर स्वतःलाच मेसेज पाठवा, फक्त कोणाला जातोय ते दोनदा बघून.

दुपार

दीड ते तीन हा उताराचा काळ, जेवण हलकं असलं तरी. या वेळात मोठे निर्णय, पगाराची बोलणी आणि ‘आता एकदा बोलूनच टाकतो’ हे टाळा. घरी असाल तर डुलकी २० मिनिटांची, अलार्म २५ चा, तीनच्या आत. पाऊण तास झोपलं की उठल्यावर डोकं जड होतं आणि संध्याकाळ आंबते. ऑफिसात असाल तर दहा मिनिटं चालणं, शक्यतो बाहेर. ‘मूड आला की जाऊ’ हा क्रम उलटा आहे. निवृत्त माणसांच्या रिकाम्या दुपारी तर मूड आपणहून कधी येत नाही. आधी कृती, मग मूड. कपाटाचा एक कप्पा, एक फोन, कुंड्यांना पाणी. मात्र काम असं निवडा की दहा मिनिटांत दिसेल असं पुरं होईल.

काळजीला ठरलेली वेळ

‘विचार करू नकोस’ हा सगळ्यात निरुपयोगी सल्ला. डॅनिअल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, तर ते अस्वल मनात पुन्हा पुन्हा येत राहिलं. काळजी दाबायची नसते, तिला तारीख द्यायची असते. टॉम बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ही रीत तपासली होती.

रोज ठरावीक वेळ आणि ठरावीक जागा: साडेसहा ते सात, डायनिंगची कडेची खुर्ची. पलंग नको, नाहीतर पलंगच काळजीची जागा होऊन बसतो. दिवसभरात काळजी डोकावली की वहीच्या शेवटच्या पानावर दोन शब्द (‘आईचा गुडघा’, ‘हप्ता’) आणि पुढे ‘६.३०’. मग हातातलं काम पुढे. साडेसहाला यादी घ्या आणि प्रत्येकीला विचारा: उद्यापर्यंत यात मी काही करू शकतो का? हो असेल तर नेमकं पाऊल, वेळेसकट: ‘सकाळी १० वाजता दवाखान्यात फोन, एक्स-रे रिपोर्ट विचारणे’. नाही असेल तर तिच्यासोबत नुसतं बसा, अर्धा तास संपला की उठा. बरीचशी यादी तोवर शिळी झालेली असते.

हे फसतं ते दोन कारणांनी. रात्री दहाला केलं तर झोप उडते. आणि साडेसहाची वेळ दोन-तीनदा चुकवली तर मन पुन्हा दुपारीच काळजी उकरायला लागतं. त्याला दिलेला शब्द मोडलेला कळतो.

उंबरठ्यावरची पंधरा मिनिटं

रात्री नऊच्या नोंदीत गोल दिसत असेल तर त्याचं मूळ पुष्कळदा सात वाजता असतं. बाहेरून आलेला माणूस गर्दीतून पिळून निघालेला आणि घरातलं माणूस दिवसभर उभं. दोघांनाही वाटतं, आता समोरच्याने माझं ऐकावं. घरात सगळ्यांना सांगून एक नियम करा: दार उघडल्यापासून पंधरा मिनिटं बिलं, मार्क, पाहुणे आणि कुणाच्या आईचे विषय बंद. हातपाय धुणं, कपडे बदलणं, पाणी. ही आपली जुनी पद्धत स्वच्छतेसाठी होती, पण एक जग सोडून दुसऱ्यात शिरायला तिच्याइतकं सोयीचं काही नाही. त्यानंतर दहा मिनिटं घरातल्या माणसाची: तो किंवा ती ओट्यापासून दूर, आणि कुकरच्या शिट्ट्या बाहेरून आलेला मोजेल. घरून काम करणाऱ्यांनी लॅपटॉप बंद करून जिना उतरून एक चक्कर मारावी, नाहीतर ऑफिस संपतच नाही.

झोपण्यापूर्वी तीन ओळी

दिवसात बरं घडलेलं तीन, प्रत्येकापुढे ‘का घडलं’. मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासात हा आठवड्याभराचा प्रयोग होता, आणि त्यातलं ‘का’ वगळलं की उरते ती हजेरी: आरोग्य, कुटुंब, नोकरी, रोज तेच. ‘कंडक्टरने सुट्टे नसताना चालवून घेतलं, कारण मी आधी हसून विचारलं’ अशी ओळ हवी. चौथ्या दिवशी शब्द तेच यायला लागले तर रोज लिहू नका, आठवड्यातून दोनदा लिहा.

हे करू नका

आरशासमोर ‘मी यशस्वी आहे, मी सुंदर आहे’ घोकणं. जोअन वूड यांच्या २००९ च्या प्रयोगात ज्यांचा आत्मविश्वास आधीच कमी होता त्यांना अशी वाक्यं म्हटल्यावर उलट आणखी वाईट वाटलं. मन लगेच पुरावे काढून दाखवतं. त्याऐवजी पटेल असं वाक्य घ्या: ‘मागच्या वेळी दुसऱ्या प्रयत्नात जमलं होतं.’

यश मिळाल्याचं चित्र रंगवत बसणंही तसंच. गॅब्रिएले ओटिंगन यांनी १९९१ मध्ये वजन कमी करणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला, तर ज्यांच्या मनातली चित्रं जास्त गोड होती त्यांचं वजन कमी उतरलं. चित्र रंगवायचंच तर लगेच पुढे अडथळा रंगवा आणि त्यावर एक ‘जर-तर’.

आणि दुसऱ्याला ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणणं. ज्याचे वडील आयसीयूत आहेत त्याला याचा अर्थ ‘तुझं दुःख मला ऐकवू नकोस’ असा ऐकू येतो. त्याला विचारा, डबा पाठवू का, रात्री थांबायला येऊ का.

वहीच्या आवाक्याबाहेर

सलग दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास, आवडीच्या कशातच रस नाही, झोप किंवा भूक बिघडलेली, कामं अडायला लागलेली: हा नैराश्याचा आजार असू शकतो, आणि तो श्वास मोजून जात नाही. फॅमिली डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवडे मोजत बसू नका. घरातल्या कोणाला तरी आत्ता सांगा आणि ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर फोन करा, सेवा मोफत आहे, चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येतं. डॉक्टरकडे जाताना वही बरोबर न्या. ‘कधीपासून होतंय?’ या पहिल्याच प्रश्नाला बहुतेकांना नीट उत्तर देता येत नाही. तुमच्याकडे ते तारीख आणि वेळेसकट असेल.